डाव्या पायाचा ब्रेक

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी निखिल सातोनकरच्या फोनवर एक फोटो आला. फोटोत एका मोटारीतली ड्रायव्हरच्या पायाखालची जागा दिसत होती. ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा रुंद होतं, चार सेंटिमीटर डावीकडे सरकवलेलं होतं आणि त्याच्या दांड्यामागे एकावर एक अशा तीन काळ्या रबरी चकत्या बसवल्या होत्या. फोटोखाली लिहिलं होतं : 'तुमच्या वडिलांच्या गाडीसारखंच बसवलं. पाच मिनिटं झाली, राजूरला निघाले. अंगारकी हाय, गाडीची पूजा करून येतो म्हणले.'

फोटो मच्छिंद्रने पाठवला होता. जुन्या जालन्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे.

निखिलच्या वडिलांकडे गाडी नाही. त्यांचे दोन्ही पाय धड आहेत. दर अंगारकीला ते जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातात, आणि फोटो आला तेव्हा त्यांना घरून निघून सहा तास झाले होते.

निखिल चौतीस वर्षांचा आहे. भूमी अभिलेख कार्यालयात तो भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देणं हे त्याचं काम. घरी बायको गंधाली, निवृत्त मास्तर असलेले वडील दीनानाथ आणि मागच्या खोलीत मोटार शर्यतीचा सिम्युलेटर. भंगारातून आणलेली गाडीची सीट, तिच्यासमोर स्टिअरिंग, स्टिअरिंगच्या पलीकडे मोठा पडदा. ऑफिसातून आला की तासभर तो तिथे बसतो. ऑफिसात हे कुणालाही माहीत नाही.

स्टिअरिंगबरोबर आलेली पॅडल्स प्लास्टिकची होती. जोरात ब्रेक दाबला की ती फरशीवरून पुढे सरकत आणि गाडी वळणावर बाहेर जाई. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत निखिलने फक्त पॅडल्सचा अभ्यास केला. स्प्रिंगची पॅडल्स स्वस्त होती, पण पाय किती खाली गेला एवढंच ती मोजतात. त्याला हवं होतं ते दुसऱ्या जातीचं. त्यात पायाचा जोर मोजला जातो. पॅडल जेमतेम हलतं, मागचे रबर दाबले जातात, आणि जेवढा जोर तेवढा ब्रेक लागतो. शर्यतीत ब्रेक डाव्या पायाने दाबतात, म्हणून तो रुंद आणि डावीकडे हवा. असा तयार सेट परदेशातून येतो. त्याची किंमत निखिलने गंधालीला सांगितलीच नाही. जोर मोजणारा सेन्सर आणि त्याचं सर्किट त्याने पुण्याहून मागवलं आणि लोखंडी काम जालन्यात करून घ्यायचं ठरवलं.

गंधालीने त्याला वर्तमानपत्रावर उभं करून त्याच्या पायाची आउटलाइन पेन्सिलीने काढून दिली.

"हद्द कायम करायची का?" तिने विचारलं. "शेजारच्या खातेदाराला नोटीस दिलीत ना?"

त्याने मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग काढलं, मोजणीचा नकाशा काढतो तसं, कोपऱ्यात प्रमाण लिहून.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो ड्रॉइंग घेऊन मच्छिंद्रच्या दुकानात गेला. दुकानात आणखी एक माणूस बसला होता. शेलगावचे तातेराव, ट्रॉलीचा हुक जोडून घ्यायला आलेले. महिन्यापूर्वीच निखिलने त्यांच्या बांधाची मोजणी केली होती. तातेराव उठून उभे राहिले.

"या साहेब, या. मच्छिंद्र, खुर्ची दे. मोजणीवाले साहेब हायेत. माझा चुलतभाऊ तीस वर्षं भांडून राह्यला होता, ह्यांनी दोन तासात गप केला. इंच इकडचा तिकडं होत न्हाई ह्यांच्या हातून."

मच्छिंद्रने हात पुसून ड्रॉइंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"एक नंबर काढलंय," तो म्हणाला. "गाडी कोणती?"

तातेराव त्याच्याकडे पाहत होते. आठ दिवसांनी त्यांच्या भावकीतली दुसरी मोजणी होती आणि तीही निखिलच करणार होता. घरात बसून गाडी-गाडी खेळण्यासाठी हे हवंय, असं त्या दुकानात, त्या माणसासमोर म्हणणं त्याला जमलं नाही.

"वडिलांसाठी आहे," तो म्हणाला. "त्यांच्या उजव्या पायात जोर नाही. रेस देता येते, ब्रेक दाबत नाही. डाव्या पायाने दाबायचाय."

"अरारा," तातेराव म्हणाले. "मास्तरांना काय झालं हो?"

"झटका आल्ता," निखिल म्हणाला. एरवी तो 'आला होता' म्हणतो.

मच्छिंद्रने ड्रॉइंग नीट घडी घालून खिशात ठेवलं. त्याच्या दुकानाचा एक नियम आहे, आणि तो त्याच्या चुलत्याच्या वेळेपासून चालत आला आहे. अपंगांच्या स्कूटीला बाजूची चाकं लावायची असोत की कुणाची कुबडी जोडायची असो, अशा कामाची मजुरी घेत नाहीत. फक्त लोखंडाचे पैसे. आणि पहिला स्पार्क पडायच्या आधी ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याच्या नावाने त्याच्या घरच्या माणसाने नारळ फोडायचा.

"मजुरी घ्या, मच्छिंद्रभाऊ," निखिल म्हणाला. "सरकारी नोकरी आहे मला."

"नोकरी तुम्हाला हाय. पाय मास्तरांचा हाय ना? घ्या, नारळ घ्या. नाव घेऊन फोडा."

निखिलने नारळ फोडला. 'दीनानाथ' हे नाव त्याने मोठ्याने घेतलं, कारण दोघं ऐकत होते. खोबऱ्याची अर्धी वाटी घरी आणली. दीनानाथांनी तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाचा प्रसाद?"

"एकजण राजूरला गेल्ता."

"छान आहे. गोड निघाला."

पुढच्या शनिवारी पॅडल तयार होतं. रबराचं ठरवायचं राहिलं होतं. निखिलने तीन प्रकारचे रबर करून पाहायला सांगितले होते. मोटरसायकलच्या शॉकअपचा मऊ निघाला, पाइपच्या जोडाचा दाबून चपटा झाला. शेवटी पाण्याच्या मोटरच्या कपलिंगमधला टणक रबर कापून तीन चकत्या केल्या. निखिलने स्टुलावर बसून दाबून पाहिलं. हवा होता तसाच होता.

मच्छिंद्रने हाताने दाबून पाहिलं. भुवया वर गेल्या.

"साहेब, हा तर अर्ध्यात थांबून राह्यला. ब्रेक खाली जाईल कसा?"

हा प्रश्न बरोबर होता. खऱ्या गाडीत ब्रेक खाली जावाच लागतो. पॅडल खाली जातं तेव्हा पुढे तेल दाबलं जातं आणि चाकं धरली जातात. मागे टणक रबर लावला तर हळू चाललेली गाडी थांबेल. वेगातली थांबणार नाही.

"जाऊ नये म्हणूनच," निखिल म्हणाला. "वडिलांचा पाय एकदम पडतो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे बराबर." मच्छिंद्रने पॅडल खाली ठेवलं. "गाडी आणा इथं. फिटिंग मी करून देतो."

"कंपनीचा मेकॅनिक करणार आहे."

"मंग चाललेली दाखवायला तरी आणा."

निखिल हो म्हणाला.

पॅडल मागच्या खोलीत बसलं. पहिल्याच आठवड्यात त्याची एका फेरीची वेळ चार दशांश सेकंदाने कमी झाली. संध्याकाळी दीनानाथ मागे खुर्ची टाकून बसत आणि हा रस्ता कोणत्या देशातला, इथे कडेला माणसं का नाहीत, असं विचारत. निखिल अकरा दिवस खूष होता. बाराव्या दिवशी, म्हणजे गेल्या गुरुवारी, मच्छिंद्रचा फोन आला. निखिल तेव्हा टेबलाशी होता आणि समोर मोजणीचे अर्ज घेऊन पाच माणसं उभी होती.

"साहेब, वाटूरचा एकजण आलाय. कचरू. पिठाची गिरणी हाय त्याची. शुगरनं उजवा पाय अर्धा काढलाय. त्यानं बिनगिअरची गाडी घेतली, जुनी. मी म्हणलं, मोजणीवाल्या साहेबांनी वडिलांसाठी नकाशा काढलाय, तसंच करून देतो. चालंल ना?"

निखिलने ऐकलं. गाडीत बसवायचंय हेही ऐकलं.

"माप त्यांच्या पायाप्रमाणे घ्या," तो म्हणाला. "रबराचं जरा बघून करा."

"नकाशा तुमचा असताना बघायचं काय?"

समोरचा माणूस अर्ज पुढे सरकवत होता. निखिलने बरं म्हणून फोन ठेवला. फोनमध्ये त्या बोलण्याची नोंद आहे. एक मिनिट बारा सेकंद. संध्याकाळी परत फोन करायचा असं त्याने ठरवलं होतं. गुरुवारी केला नाही, शुक्रवारी केला नाही. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. शनिवारी तो मनाशी धरून चालला की मच्छिंद्र अनुभवी आहे, त्याच्या लक्षात येईल. रविवारी आणि सोमवारी तो सिम्युलेटरवर बसला नाही. गंधालीने बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. डोकं दुखतंय, असं तो म्हणाला.

मंगळवारी फोटो आला.

दहा बावन्नला त्याने मच्छिंद्रला फोन लावला. मधली बारा मिनिटं तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता.

"मच्छिंद्रभाऊ, ते रबर काढा. डिझाइनमध्ये बदल झालाय."

"वडिलांच्या गाडीतले काढले का?"

"हो. काढले."

"बरं. मंग कचरूला संध्याकाळी येऊ द्या, काढून टाकतो. दोन बोल्ट तर हायेत. आता तो गेलाय पुढं. चिंता करू नका, गल्लीत चालवून बघितली म्या. बराबर थांबते."

"संध्याकाळी नाही, आत्ता."

"आत्ता कसं साहेब? गणपतीला निघालाय तो. बायको हाय, पोरगी हाय गाडीत. वडिलांच्या गाडीला काही झालं का?"

"नाही," निखिल म्हणाला, आणि फोन ठेवला.

अकरा वाजून चार मिनिटांनी त्याने पुन्हा फोन लावला. मधल्या वेळात तो जिन्यावरून खाली पार्किंगमध्ये आला होता आणि स्कूटीजवळ उभा होता.

"भाऊ, वडिलांकडे गाडी नाही."

"काय म्हणता साहेब?"

"ते पॅडल खेळाचं आहे. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ असतो. तो रबर खऱ्या गाडीला चालत नाही. जोरात ब्रेक मारायची वेळ आली तर गाडी थांबणार नाही."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो बंद झाला.

"म्हणजे मास्तर चालतेत."

"चालतात. आज राजूरला चालतच गेलेत."

"मंग नारळ कुणाच्या नावानं फोडला?"

मच्छिंद्र उत्तरासाठी थांबला नाही. "म्या तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "ब्रेक खाली जाईल कसा, म्हणून विचारलं होतं." आवाज चढलेला नव्हता. "गाडीचा नंबर पाठवतो. कचरूला फोन लावतो. तुम्ही निघा."

कचरूचा फोन बंद होता. मच्छिंद्रने वाटूरला गिरणीशेजारच्या दुकानात फोन करून चौकशी केली. तिथून कळलं की कचरू गाडी चालवताना फोन बंदच ठेवतो. पाय गेल्यापासून तो फार जपून असतो. त्याची बायको उषाबाई हिच्याकडे फोन नाही. पोलिसांच्या शंभर नंबरला मच्छिंद्रने सांगितलं. गाडीचा रंग पांढरा, नंबर असा, ब्रेकमध्ये दोष. दोष कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

निखिल अकरा वाजून एकवीस मिनिटांनी राजूरच्या रस्त्याला लागला. अंगारकीला या रस्त्यावर दोन्ही कडांनी माणसं चालत असतात. बायका, म्हातारे, खांद्यावर मुलं बसवलेले बाप. मधून मोटारी, जीप आणि एसटी हळू सरकतात. हळू सरकतात ही त्याला चांगली गोष्ट वाटली. मग रस्ता मोकळा होई, पुढच्या गाड्या वेग घेत, आणि चालणाऱ्यांचा एखादा घोळका रस्ता ओलांडायला लागे. त्याने पांढऱ्या गाड्यांचे नंबर पाहत पाहत स्कूटी चालवली. अकरा चाळीसला त्याने कडेला थांबून वडिलांना फोन केला.

"अण्णा, पोहोचलात?"

"दहा वाजताच. रांगेत आहे. अजून तासभर लागेल. तू ऑफिसात नाहीस?"

"एक गाडी शोधायचीय. पांढरी आहे. चालवणाऱ्याचा उजवा पाय अर्धा आहे. सापडली तर त्याला सांगा, गाडी हलवू नका. ब्रेक चुकीचा बसलाय."

"तुला काय माहीत?"

निखिलने सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, हेल्मेट न काढता, सगळं सांगितलं. नारळाचंही सांगितलं. दीनानाथ सदतीस वर्षं शाळेत शिक्षक होते. पोरगं बोलत असताना मध्ये बोलत नाहीत.

"लंगडा म्हणालास मला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. जोर नाही म्हणालो. झटका आला म्हणालो."

"आणखी कोण होतं तिथं?"

"शेलगावचे तातेराव."

"अच्छा," दीनानाथ म्हणाले. "तरीच. परवा बँकेत भेटले तर दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या त्यांनी मला. रिक्षात बसवून दिलं. मला वाटलं, म्हातारपणी माणूस प्रेमळ झालाय."

निखिलने हेल्मेट काढून स्कूटीच्या आरशाला अडकवलं.

"खेळतो म्हणून सांगायला काय झालं होतं रे? मी बसतोच की मागे."

"सांगता आलं नाही."

"हं. नंबर सांग. रांग सोडतो."

"दर्शन..."

"नंबर सांग."

बारा वाजून दहा मिनिटांनी दीनानाथांनी देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा करवली. वाटूरचे कचरू गिरणीवाले, पांढरी गाडी, असाल तिथून चौकशी कक्षात या, गाडी चालू करू नका. घोषणा दोनदा झाली. मग एका बाईच्या हरवलेल्या नवऱ्याची झाली. कुणी आलं नाही. बंदोबस्तावरच्या हवालदाराने त्यांना सांगितलं की चारचाकी गाड्या गावात सोडतच नाहीत. अलीकडे दोन किलोमीटरवर शेतांमध्ये पार्किंग केलंय, तिथे बघा. तिथून इथवर लोक चालत येतात, घोषणा तिथे ऐकू जात नाही. दीनानाथ पुन्हा दोन किलोमीटर मागे चालत गेले.

बारा पन्नासला मच्छिंद्रचा फोन आला. त्याने दुकान बंद केलं होतं आणि पाना घेऊन तोही त्याच रस्त्यावर होता. अर्ध्या रस्त्यातल्या एका पेट्रोल पंपावर त्याने विचारलं होतं. हवा भरणाऱ्या माणसाला गाडी आठवत होती. चालवणाऱ्याच्या एका पायात मोठा बूट होता. पुढच्या काचेला हार होता. साडेअकराच्या सुमाराला ती राजूरच्या दिशेने गेली. पंपातून बाहेर पडताना ती एका मोटरसायकलच्या अगदी जवळ जाऊन थांबली, एवढं त्याला आठवत होतं.

"थांबली म्हणाला ना?" निखिलने विचारलं.

"थांबली म्हणला. स्लो होती." मग मच्छिंद्र म्हणाला, "म्या आजवर बेचाळीस जणांना चाकं लावून दिली, साहेब. एकाचीबी मजुरी घेतली न्हाई. एकबी पडला न्हाई."

निखिल एक वाजून पस्तीस मिनिटांनी पार्किंगच्या अलीकडे पोहोचला. रस्त्यात त्याने तीन ठिकाणी पोलिसांना विचारलं होतं. दोन ठिकाणी किरकोळ धडका झाल्या होत्या. दोन्हींत पांढरी गाडी नव्हती. आणखी पुढे, राजूरच्या पलीकडे भोकरदनच्या बाजूला, काहीतरी झाल्याचं एक जण म्हणाला, पण काय आणि केव्हा ते त्याला सांगता आलं नाही. काही गाड्या गावाबाहेरून तिकडे वळवल्या होत्या आणि तिकडून एकही गाडी परत येत नव्हती. निखिलने तिथे जायचं ठरवलं आणि वडिलांना तसं कळवलं.

"मी शेतं बघतोय," दीनानाथ म्हणाले. ते धापा टाकत होते. "नंबर वाचायला जवळ जावं लागतं, चष्मा घरी राहिलाय. काचेतून वाकून पॅडल पाहतो. ते लवकर कळतं."

"अण्णा, सावलीत बसा थोडं. मच्छिंद्रभाऊ पोहोचतील आता."

"कोण, तो? त्याच्यासमोर बसून कसं चालेल? आधीच उजवा पाय आखडलाय. त्याला वाटेल तू खरं बोलत होतास."

दीनानाथ हसले नाहीत. निखिलने स्कूटी चालू केली.

दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत दीनानाथांनी दोन शेतांतल्या एकशे चाळीस गाड्या पाहिल्या होत्या. त्यांत पांढऱ्या त्रेसष्ट होत्या. रुंद ब्रेकची एकही नव्हती. तिसऱ्या शेतात गाड्या अजून येत होत्या. कचरूचा फोन बंदच होता.